काऊलपासून फ्लोअरपर्यंत: जुन्या मसल कारचा गंज घरच्या गॅरेजमध्ये कसा काढावा

मसल कार म्हणजे 1960-70 च्या दशकांतली मोठ्या इंजिनाची अमेरिकन गाडी. 1965 ते 1968 च्या फोर्ड मस्टँगमध्ये ड्रायव्हरच्या पायाखालचं फ्लोअर सडलेलं असेल, तर दोष बहुतेक वेळा फ्लोअरचा नसतो. समोरच्या काचेखाली जाळीदार पत्रा असतो आणि त्याखाली काऊल ही बंद पेटी. पावसाचं पाणी जाळीतून या पेटीत उतरतं आणि दोन्ही टोकांनी मडगार्डच्या मागून खाली निघून जातं. केबिनमध्ये हवा यावी म्हणून पेटीच्या तळाला दोन मोठी भोकं आहेत आणि त्यांच्याभोवती टोपीसारखी उभी कड आहे. पेटीत पानं आणि माती साठली की ही कड बुडाशी गंजते, आणि मग पाणी हवेच्या वाटेनेच आत येऊन कार्पेटखाली मुरतं. कार्पेटखालचा जाड थर ते धरून ठेवतो. वरून हात लावला तर कोरडं वाटतं, खाली पत्रा भिजलेलाच राहतो.

अशा गाडीला नवं फ्लोअर घालून वर नवं कार्पेट टाकलं, तर काही पावसाळ्यांतच पुन्हा तेच काम करावं लागतं. म्हणून कुठलाही पत्रा कापण्याआधी पाण्याची वाट शोधायची.

पाणी कुठून येतं

प्रत्येक गाडीची दुखरी जागा वेगळी. 1967 ते 1969 च्या शेव्हरले कॅमारोत समोरच्या काचेचे खालचे कोपरे आणि मागच्या काचेभोवतीची खाच आधी पाहा. काचेभोवतीची चकचकीत पट्टी ज्या क्लिपांवर बसते, त्यांच्यापाशी रंगाला चरे पडतात आणि गंज तिथून सुरू होतो. तिथून पाणी डिकीत उतरतं. छताला व्हायनिल लावलेलं असेल तर त्याखाली ओल अडकून छताचाच पत्रा सडतो, म्हणून व्हायनिलखाली बोटाला खडबडीत लागलं तर ते सोलून पाहायलाच हवं. 1968 ते 1970 च्या डॉज चार्जरची मागची काच दोन्ही बाजूंच्या खांबांमध्ये आत दबलेली असते, त्यामुळे तिच्या तळाशी पाणी आणि कचरा साठून राहतो. त्याचा परिणाम डिकीच्या तळावर आणि चाकामागच्या खोलगट भागात दिसतो. शेव्हरलेच्याच शेव्हेल या गाडीला स्वतंत्र चासी आहे. तिथे बॉडीच्या रबरी माउंटच्या जागा आणि मागच्या चाकांमागची चासी ठोकून पाहायची.

सीट, कार्पेट आणि त्याखालचा थर पूर्ण बाहेर काढा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. नोझल लावू नका, नुसती धार पुरे. खालून वर जायचं: आधी दारांच्या कडा, मग काचेची खालची कड, मग वरची. प्रत्येक जागी किमान पाच मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून आत आलं ते कळत नाही. काऊलसाठी जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतून डॅशखाली पाहायचं. थेंब दिसला की खडूने खूण आणि लगेच फोटो.

किती खोल गेलाय

रंगाला फुगे आले असतील तर गंज आतून बाहेर आलेला असतो. वर नखाएवढा फुगा दिसला, तर आत तळहाताएवढी जागा गेली आहे असं धरून चाला. टोच्याने टोचून पाहा. पत्रा दबला किंवा करकरला तर तो कापावाच लागणार. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. पकड ढिली झाली तिथे खाली लांबी (खड्डे भरायची पुटी) किंवा फायबर आहे. मात्र छत आणि मागच्या क्वार्टर पॅनलच्या (मागच्या चाकावरच्या बाजूच्या पत्र्याच्या) सांध्यावर पकड ढिली असेल तर तिथे कारखान्यातच भरलेलं शिसं असू शकतं. ते कोरडं घासायचं नाही.

आतापर्यंत जे सापडलं त्याचा कागदावर नकाशा काढा आणि घरी काय होणार, काय नाही, हे प्रामाणिकपणे ठरवा. फ्लोअर, डिकीचा तळ, क्वार्टर पॅनलचा खालचा भाग, मडगार्डचं टोक ही नवशिक्याची कामं आहेत. मस्टँगचे टॉर्क बॉक्स (रेल बाजूच्या भागांना जोडणाऱ्या पेट्या) आणि पुढचे रेल (गाडीखालच्या लांब पेटीसारख्या तुळया), कॅमारोचे मागचे रेल, क्रायस्लर गटाच्या (डॉज वगैरे) गाड्यांमध्ये टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) ज्यात अडकतात तो क्रॉसमेंबर (आडवी तुळई), यांवर गाडीची भूमिती उभी असते. ते गेले असतील तर ज्या वर्कशॉपकडे फ्रेमचा जिग (गाडी मापात पकडून ठेवणारा सांगाडा) आहे तिथेच काम न्या. इथे दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली की दारं लागत नाहीत आणि चाकांचं अलाइनमेंट बसत नाही.

आणखी एक गोष्ट कापण्याआधीच तपासा. सुरुवातीच्या मस्टँगच्या ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या मडगार्ड एप्रनवर गाडीचा नंबर ठोकलेला असतो. 1968 पासूनच्या क्रायस्लर गटाच्या गाड्यांत नंबराचा काही भाग रेडिएटर सपोर्टवर आणि डिकीच्या कडेवरही असतो. हे पत्रे गंजले म्हणून बेधडक कापून फेकले तर गाडीची ओळख जाते, आणि अमेरिकेत नंबर काढणं किंवा बदलणं हा संघराज्य कायद्याने गुन्हा आहे. फोटो काढा, नंबराची जागा शक्यतो जशीच्या तशी ठेवा. ती वाचतच नसेल तर आधी राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयात विचारा.

हत्यारं

115 मिमीचा अँगल ग्राइंडर, 1 मिमी जाडीच्या कटिंग डिस्क डझनभर, 40 आणि 80 ग्रिटच्या (आकडा जितका लहान तितकी खरखरीत) फ्लॅप डिस्क, रंग काढायची जाळीदार स्ट्रिप डिस्क. स्पॉट वेल्ड (कारखान्यात दोन पत्रे ठिपक्याठिपक्यांनी जोडलेले सांधे) काढायचा 8 मिमी कटर, दोन तरी आणा कारण त्यांची धार लवकर जाते. सेंटर पंच, हातोडी आणि डॉली (ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), सहा-आठ लॉकिंग प्लायर. पत्रे तात्पुरते धरायला क्लेको पिना किंवा पत्र्याचे स्क्रू.

वेल्डिंगसाठी गॅसचं मिग मशीन (वायर आपोआप पुढे सरकवणारं) घ्या. वायर 0.6 मिमी, गॅस 75 टक्के आर्गन आणि 25 टक्के कार्बन डायऑक्साइड, प्रवाह मिनिटाला 7 ते 10 लिटर. गॅसशिवाय चालणारी फ्लक्स-कोअर वायर स्वस्त पडते, पण ती जास्त तापते. या गाड्यांचा बाहेरचा पत्रा सुमारे 0.9 मिमीचा असतो, त्यात ती भोकं पाडते आणि तुम्ही ती बुजवत बसता. गॅरेजचं दार उघडं असेल आणि वारा येत असेल तर गॅस उडून वेल्डमध्ये बारीक छिद्रांची जाळी पडते. गॅसचा प्रवाह वाढवण्यापेक्षा वारा अडवा.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

वेल्डिंगची जागा पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. आर्कची उष्णता आणि अतिनील किरणं लागली की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, आणि थोड्या प्रमाणातही तो जीव घेऊ शकतो. जागा अ‍ॅसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, बाटली आणि फडकी गॅरेजबाहेर ठेवा.

पेट्रोलची टाकी काढल्याशिवाय मागच्या भागात ठिणगी पाडू नका. 1965 ते 1970 च्या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, म्हणजे डिकीत वेल्डिंग म्हणजे थेट टाकीवर वेल्डिंग. फ्लोअरखालून जाणाऱ्या इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला करा, बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवा. अग्निशामक हाताशी ठेवा. काम संपल्यावर तासभर गॅरेज सोडू नका, कारण डांबरी थर आतल्या आत धुमसत राहतो.

जुन्या रंगात आणि सांध्यांत शिसं असतं, त्यामुळे घासताना पी100 फिल्टरचा मास्क लावा आणि धूळ ओल्या फडक्याने टिपा. जस्ताच्या लेपाचा पत्रा असेल तर जोडाजवळचा लेप घासून काढा. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. शेवटच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यासाठी साधा फिल्टर मास्क पुरेसा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर फवारणीचं काम बाहेर द्या.

न कापता वाचणारा पत्रा

वरवरचा तांबूस गंज स्ट्रिप डिस्कने निघतो. पुढे 80 ग्रिटने घासा, की प्रायमरला तयार. खड्डे पडलेला पत्रा मात्र फसवतो. त्यावर वायर ब्रश फिरवला की गंज घासला न जाता दाबला जाऊन चकाकतो, आणि काळसर चमकणारा पत्रा स्वच्छ झाला असं वाटतं. उजेडात तिरका धरून पाहा, खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके दिसतील. ते राहिले तर रंगाखालून पुन्हा वर येतात. अशा जागी सँडब्लास्टिंग उत्तम, पण ते सपाट मोठ्या पत्र्यावर जोरात मारलं तर पत्रा ताणून वाकतो. बॉनेट, छत आणि दारांवर करू नका.

घरी करायचं तर फॉस्फरिक आम्लाचा जेल लावा, वाळू न देता ओला ठेवा, ब्रशने घासा, पाण्याने धुवा आणि लगेच पुसून गरम हवेने सुकवा. मग पुन्हा 80 ग्रिट. आम्लाचा अंश राहिला तर बहुतेक इपॉक्सी प्रायमर त्यावर धरत नाहीत, म्हणून वापरणार त्या प्रायमरच्या माहितीपत्रकात आम्लाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. गंजाला काळा करणारं टॅनिक आम्लाचं कन्व्हर्टर जिथे हात पोचत नाही त्या पेट्यांच्या आत ठीक आहे. उघड्या पत्र्यावर ते गंज काढण्याला पर्याय नाही.

ब्रॅकेट, बिजागऱ्या, बॅटरीचा ट्रे अशा सुट्या भागांना इलेक्ट्रोलिसिस छान चालतं. चार लिटर पाण्याला 15 ग्रॅम धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला, वर 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नका, त्यातून विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून मोकळ्या हवेत करा. स्प्रिंगा आणि कठीण पोलादाचे बोल्ट यात टाकू नका. हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

फ्लोअर बदलणं

मस्टँग किंवा कॅमारोच्या केबिनखाली पूर्ण लांबीची चासी नाही, त्यामुळे फ्लोअर कापलं की तेवढी ताकद कमी होते. गाडी समतल करा, वजन सस्पेन्शनवर राहील अशी स्टँडवर ठेवा. दोन्ही दारांच्या फटी चार-चार ठिकाणी मोजून लिहून घ्या. एका वेळी एकच बाजू कापायची. कन्व्हर्टिबल असेल तर दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत पाइप वेल्ड करून आधार दिल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका.

फ्लोअरवरचा डांबरी थर कोरड्या बर्फाने गोठवून हातोडीने फोडता येतो, किंवा हीट गनने मऊ करून खरवडता येतो. कोरडा बर्फ वापरताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

नवा पत्रा आणला की आधी जुन्यावर ठेवून पाहा. नवे पत्रे जसेच्या तसे क्वचितच बसतात. खोबणी जुळत नाहीत, सीटच्या जागी दोन-चार मिलिमीटर फरक पडतो. नव्या पत्र्यावरच्या काळ्या लेपाच्या कोपऱ्यावर थिनरचं फडकं घासा. लेप निघाला तर तो फक्त वाहतुकीपुरता आहे, सगळा काढा. न निघाला तर जोडाजवळचाच घासा.

पत्रा बसेल तसा वाकवून झाला, की त्याच्या कडेभोवती रेघ मारा. कापायची रेघ या रेघेच्या आत 15 ते 20 मिमी. मोह होतो गंजाच्या कडेलाच कापायचा, पण दिसणाऱ्या गंजापुढे किमान 25 मिमी स्वच्छ पत्रा मिळेपर्यंत मागे जायला हवं. सडक्या कडेवर वेल्ड टिकत नाही, ती जळून मागे सरकत जाते. कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच तडा जातो.

कटिंग डिस्क फक्त पत्र्याच्या जाडीइतकीच आत घाला, खाली रेल आणि आधार आहेत. ते जिथे फ्लोअरला चिकटले आहेत तिथले स्पॉट वेल्ड शोधायला जागा 80 ग्रिटने घासा, छोटे गोल खळगे उठून दिसतात. मध्यावर पंच मारा आणि 8 मिमी कटरने वरचाच पत्रा कापा. खालून भुरकट रेघ दिसली की थांबायचं. दोन्ही पत्र्यांतून आरपार गेलात तर त्या रेलला भोक पडतं आणि ते पुन्हा भरावं लागतं.

जुना तुकडा निघाला की रेलची वरची कड नीट पाहायची ही एकच संधी असते. घासा, रेलच्या आत व्हॅक्यूमने गंजाचा चुरा ओढून घ्या, आणि जिथे वेल्ड होणार तिथे जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर पातळ मारा. प्लग वेल्डच्या (वरच्या पत्र्याच्या भोकातून करायच्या वेल्डच्या) नेमक्या जागी तो खरवडून काढा, नाहीतर वेल्ड थुंकतो.

फ्लोअरला पत्र्यावर पत्रा असा 15 ते 20 मिमीचा जोड चालतो. नव्या पत्र्याला स्पॉट वेल्ड होते त्या जागी 8 मिमीची भोकं पाडा. प्लग वेल्ड करताना टोक भोकाच्या मध्यावर, खालच्या पत्र्यावर ठेवून सुरुवात करायची आणि गोल फिरवत कडेला यायचं. कडेपासून सुरुवात केली तर वरचा पत्रा भरल्यासारखा दिसतो, पण खालचा धरलेलाच नसतो. असे दोन नमुने भंगार पत्र्यावर करून छिन्नीने उचकटून पाहा: चांगला वेल्ड सुटताना खालच्या पत्र्याचा गोल तुकडा सोबत घेऊन येतो.

बाहेरचा पत्रा

क्वार्टर पॅनलवर जोड नेहमी कडेला कड लावून करायचा. एकावर एक चढवलेला पत्रा मागून ओल धरतो, आणि उन्हात रंगावर जोडाची रेघ उमटते. कापायची रेघ शक्य तेवढी खाली, चाकाच्या कमानीजवळ ठेवा; मधला सपाट भाग जरा तापला की लाट धरतो. दोन कडांमध्ये वायरच्या जाडीएवढी, सुमारे अर्धा मिलिमीटर फट ठेवा. इथे घाई केली की पुढचे चार दिवस लांबी भरण्यात जातात.

मशीन 0.9 मिमी पत्र्याला सुमारे 35 अ‍ॅम्पिअरवर लावा आणि त्याच जाडीच्या भंगारावर जुळवून घ्या. एकेक टाका अर्ध्या ते एका सेकंदाचा. पहिले टाके 30-40 मिमी अंतरावर, मग त्यांच्या मध्ये, मग पुन्हा मध्ये, आणि प्रत्येक वेळी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उडी मारत. मागच्या टाक्यावर उघडं बोट टेकवता आलं तरच त्याच्या शेजारी पुढचा टाका. ओल्या फडक्याने घाईने गार करू नका. भोक पडलंच तर मागे तांब्याची पट्टी धरून भरा, वेल्ड तांब्याला चिकटत नाही.

वेल्ड निवताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो, म्हणून जोडाच्या रेघेला खोलगट पट्टा पडतो. टाके थोडे घासून झाले की मागे डॉली धरून नेमक्या वेल्डवर हातोडीने हलके ठोके द्या. आकसलेला धातू पसरतो आणि पत्रा वर येतो. बोटाने दाबल्यावर पत्रा टक्कन आत-बाहेर होत असेल तर वेल्डची रेघ अजून आकसलेली आहे, तीच ठोकायची. फुगलेला भाग ठोकला तर आणखी बिघडतं. वेल्ड घासताना ग्राइंडर एका जागी दोन सेकंदांहून जास्त ठेवू नका. पत्रा निळा पडला म्हणजे तापला, आणि कडेचा पत्रा कागदासारखा पातळ झाला की तिथे दुरुस्तीला काही उरत नाही.

सगळं घासून झालं की दिवे बंद करा आणि मागून टॉर्च लावा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं ताऱ्यांसारखी दिसतील. प्रत्येक वेल्डनेच बुजवा. लांबी ओल शोषते, छिद्र तिने बुजवलं तर वर्षाच्या आत तिथेच फुगा येतो.

काऊल आणि शेवटचे थर

मस्टँगच्या काऊलमध्ये वरून चिकटवायच्या तयार टोप्या मिळतात. कड गंजली पण तळ शाबूत असेल तर त्या काही काळ पाणी अडवतात. तळच गेला असेल तर मडगार्ड, बॉनेट आणि काच उतरवून वरच्या पत्र्याचे सगळे स्पॉट वेल्ड कापावे लागतात. काम लांबलचक आहे, पण फ्लोअर करणारच असाल तर तेव्हाच करा. वरचा पत्रा परत बसवण्याआधी पेटीत प्रायमर आणि सीलंट पूर्ण वाळवून त्यात पाणी ओता आणि ते दोन्ही टोकांनीच बाहेर जातंय ना, हे पाहा. वरचा पत्रा बसला की पुन्हा हात पोचत नाही.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी दोन भाग मिसळून होणारं इपॉक्सी प्रायमर, दोन हात. साध्या प्रायमरमधून ओल झिरपते, त्यावर गाडी महिनाभर ठेवली की खाली पुन्हा तांबूस ठिपके. लांबी इपॉक्सीवर भरा, पत्रकात दिलेल्या वेळेत, आणि थर 3 मिमीच्या आत. त्याहून जास्त लागत असेल तर पत्रा अजून नीट ठोकलेला नाही. प्रायमर वाळल्यावर सगळ्या जोडांवर सीम सीलर (जोड बंद करणारं सीलंट) लावायचं, फ्लोअरला वरून आणि खालून दोन्हीकडून. उघड्या लोखंडावर लावलं तर त्याखालीच गंज धरतो.

पेट्यांच्या आत पातळ मेण फवारणं हे सर्वांत शेवटी, रंगाचं काम पूर्ण झाल्यावर, कारण मेण उडालेल्या जागी रंग धरत नाही आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ते पेटतं. लांब नळी आणि चहूबाजूंनी फवारणारं नोझल रॉकर पॅनलच्या (दाराखालच्या लांब पेटीच्या) एका टोकापर्यंत घाला आणि फवारत हळूहळू मागे ओढा. दुसऱ्या दिवशी दारं आणि रॉकरच्या तळाची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. मेणाने ती बुजलेली असतात. मग पुन्हा पाइप लावून तीच पाण्याची तपासणी करा, खडूच्या खुणा केल्या होत्या त्याच जागी, आणि फ्लोअर आठवडाभर उघडं ठेवून कोरडं राहतंय हे पाहिल्यावरच कार्पेट टाका.